माप घेतल्या दिवशी कात्री नाही

६ फेब्रुवारी

चि. बटण हिस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला अजून बटण म्हणते म्हणून रागावू नकोस. तीन वर्षांची असताना माझ्या शिवणाच्या टेबलाखाली बसून गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलंस, तेव्हाच तुझं नाव ठरलं. ते बटण दोन दिवसांनी परत मिळालं, पण कोटाला लावायची माझी काही छाती झाली नाही.

फोन करत नाही अशी तक्रार करू नकोस. फोनवर तू ओरडतेस, मी ओरडते, शेजाऱ्यांना सगळं कळतं आणि आपल्याला काहीच नाही. पत्रात निदान तू काय म्हणालीस ते दुसऱ्यांदा वाचता येतं.

बातमी अशी की मी मृत्युपत्र करायला निघाले आहे. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. वाचनालयात मृत्युपत्रं करून देणाऱ्या एका कंपनीचं मोफत व्याख्यान होतं. बाहेर थंडी होती आणि आत खुर्च्या होत्या, म्हणून गेले. शेवटी एक कार्ड भरायला दिलं. नाव, पत्ता, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात माणसं किती. शेवटच्या रकान्यात मी एक लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली.

माणूस पन्नाशीचा असेल. टापटीप, पण कोटाची डावी बाही अर्धा इंच लांब. तीन तास बसला. आल्या आल्या त्यानं ओळखलं की मला डाव्या कानानंच ऐकू येतं. खुर्ची उचलून माझ्या डाव्या हाताला आणून बसला. तुझे काका गेल्यापासून चार वर्षांत इतकं सलग बोलणं माझ्या कानात पडलं नव्हतं. मला आई म्हणतो. त्याची स्वतःची मावशी मृत्युपत्र न करता गेली. घराला कुलूप लागलं आणि तिची मांजर आतच राहिली. तीन दिवस काचेवर पंजे मारत होती, म्हणे, आणि कुलूप काढायची परवानगी कुणाला मिळेना. सांगताना त्याचा आवाज बसला. मी पाणी दिलं.

मग कागद निघाले. संध्याकाळी सहाच्या आत सही केली तर निम्मा दर, सहानंतर नाही. माझ्यामागे घराची सगळी व्यवस्था कंपनी बघणार, कागदही कंपनीच सांभाळणार. सही केली नाही आणि उद्या माझं काही झालं तर घर सरकारजमा. मागच्याच महिन्यात एक गृहस्थ उद्या करतो म्हणाले आणि त्यांना उद्या उजाडलाच नाही. मी त्याला सांगितलं की बाबा रे, चाळीस वर्षं मी कपडे शिवले. माझ्या दुकानात एकच नियम होता, माप घेतल्या दिवशी कात्री लावायची नाही. कापड एक रात्र पडू द्यायचं, कारण कापलेलं परत न कापलेलं होत नाही. तो हसला. बाहेर जाऊन त्यानं साहेबांना फोन लावला आणि खास माझ्यासाठी सवलत पुढच्या गुरुवारपर्यंत वाढवून आणली. माणूस बरा वाटला.

तू वजनमाप खात्यात लोकांचे तराजू तपासतेस, तुला कागदांतलं कळतं, म्हणून कळवलं. त्यासाठी इकडे यावंस असं काही नाही. तुला रजा नसते हे मला आता पाठ झालंय.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरवून वापरते आहे, त्यात काटछाट नको.

तुझी
मावशी


९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. उत्तर दोनदा लिहून फाडलं. आधी मला काय वाटतं ते सांगते आणि मग ते किती धरायचं तेही सांगते.

मला वाटतं तू सही करू नयेस. मृत्युपत्र जरूर कर, पण तुझ्या गावातल्या एखाद्या साध्या वकिलाकडे जाऊन कर. तो एकदाच फी घेतो आणि कागद तुझ्या हातात देतो. जो सौदा सहा वाजेपर्यंतच स्वस्त असतो त्याची मला भीती वाटते. पंधरा वर्षांच्या नोकरीत ज्या ज्या दुकानदारानं मला आटपा, आटपा म्हटलं, त्याच्या तराजूच्या पारड्याखाली काही ना काही चिकटवलेलं निघालं.

आता दुसरी बाजू. आई गेल्यावर तुझ्या बहिणीकडची अशी मी एकटीच उरले. तुझ्या घराबद्दल मी बोलणं म्हणजे दुकानदारानंच स्वतःचा काटा तपासण्यासारखं आहे. आमच्या खात्यात ज्या दुकानाचा काटा बघायचा तिथला चहासुद्धा घ्यायचा नसतो. मी थर्मास बरोबर नेते, त्यावरून लोक हसतात. तेव्हा माझं मत बाजूला ठेव. त्याऐवजी वेगळ्या कागदावर सात प्रश्न लिहून पाठवते आहे, ते त्याला विचार. पैसे एकदाच द्यायचे की कागद सांभाळण्याबद्दल दरवर्षी? घराची व्यवस्था बघायची तर कंपनी त्यातला किती हिस्सा घेणार? नंतर मन बदललं तर करार मोडता येतो का? असे सात. सातवा सगळ्यांत महत्त्वाचा: हे कागद आठ दिवस माझ्या घरी वाचायला ठेवाल का?

उत्तरं तूच तोल. मी त्यात बोट घालणार नाही.

इथं सगळं नेहमीसारखं. शेजारच्या खोलीतला भाडेकरू गेला. भिंतीतून त्याचा रेडिओ ऐकू यायचा, तो थांबलाय हे लक्षात यायला मला आठवडा लागला. ते लक्षात आल्यापासून संध्याकाळी वही लिहायला बसले की पेनाचा आवाज येतो.

कळावे. लोभ आहेच, पत्र उशिरा आलं तरी तो उशिरा धरू नये.

तुझी
बटण


२० फेब्रुवारी

चि. बटण हिस,
अ. आ. वि. वि.

तुझे सात प्रश्न आरशाच्या चौकटीत खोचून ठेवले आहेत. फारच गुणाचे निघाले. गेल्या गुरुवारी पहिला विचारला. तो गडबडला आणि साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. मंगळवारी उत्तर घेऊन आला. कागद सांभाळायचे पैसे दरवर्षी, पण अगदी थोडे, चहापाण्याइतके. मग दुसरा विचारला. त्याचं उत्तर काल घेऊन आला. तेही थोडंच, शेकडा काहीतरी. काल तिसरा विचारला आहे.

आला की दीड-दोन तास बसतो. परवा स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो त्यानं चाकूच्या टोकानं आवळून दिला. मी त्याची बाही आखूड करून दिली. बिचारा तोवर नुसत्या शर्टावर बसला होता, थंडीनं कुडकुडत. बायको घरात नाही असं दिसलं, कारण कोटाचं अस्तर तीन ठिकाणी सुटलेलं आणि एकाला टाचणी. विचारलं नाही. आपण माप घ्यावं, चौकशी करू नये.

एक सांगते, रागावू नकोस. तो म्हणाला की हे नातेवाइकांना दाखवू नका. सही करू नका असं सांगणारा नातेवाईक निघाला की समजायचं, त्याचा घरावर डोळा आहे. मी म्हटलं, माझ्या भाचीचा कसला डोळा, तिचं पाऊलसुद्धा घराला लागत नाही. त्यानं ते वहीत टिपून घेतलं.

मग एक रकाना आला. अडीअडचणीला कळवायची सर्वांत जवळची व्यक्ती. मी तुझं नाव सांगितलं. वर्षातून किती वेळा येतात, असं त्यानं विचारलं. मी न्हाणीत पडले तर त्यांना किती दिवसांनी कळेल, असंही. मला खोटं पटकन सुचत नाही. त्यानं तिथं पेन्सिलीनं कंपनीचं नाव लिहिलं. तात्पुरतं, म्हणाला.

तुझ्या शेजारी नवा भाडेकरू आला का? येईपर्यंत तूच एक रेडिओ घे.

कळावे. लोभ करावा, आणि तो करताना थर्मास घरी ठेवावा.

तुझी
मावशी


२७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू एका भेटीत एकच प्रश्न विचारतेस, हे मला तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना कळलं. मी ते प्रश्न त्या माणसाला बाहेर काढायला पाठवले होते. तू त्याच प्रश्नांच्या निमित्तानं त्याला घरात बोलावते आहेस. तुझ्यावर रागवायला बसले, पण राग कुणाचा आला ते नीट कळेना, म्हणून वहीत लिहून पाहिलं. तिथंही अर्ध्यावर सोडलं.

बुधवारी मी एक गोष्ट केली. ती तुला सांगावी की नाही यावर दोन दिवस घालवले. त्याच कंपनीचं व्याख्यान आमच्याकडेही होतं, कामगार सभागृहात. मी शेवटच्या रांगेत बसले. वीस-बावीस माणसं होती, सगळी एकेकटी आलेली, दोन खुर्च्या सोडून बसलेली. बोलणारी एक तरुण बाई होती. तिनं सांगितलं की तिची स्वतःची मावशी मृत्युपत्र न करता गेली. घराला कुलूप लागलं. मांजर आत राहिली आणि तीन दिवस काचेवर पंजे मारत होती. सांगताना तिचा आवाज बसला. पुढच्या रांगेतल्या एकानं उठून तिला पाणी दिलं.

खोट्या काट्याला मी भर बाजारात जप्तीची चिठ्ठी लावते, आणि तिथं छत्री घेऊन गुपचूप बाहेर आले.

हे तुला कळवताना बरं वाटत नाही. तो तुझ्याकडे येतो, बसतो, नळ आवळतो, हे खरं आहे. पण त्याची मावशी खरी नाही. त्या कागदांवर सही झाली की तुझ्यामागे घर विकण्याचा, हिस्सा काढून घेण्याचा अधिकार त्यांचा होईल, आणि तो करार तुला मोडता येईल की नाही हे अजून त्यानं सांगितलेलं नाही. यापुढे काही सांगायचा मला हक्क आहे असं वाटत नाही.

कळावे. लोभ असेल तर असू दे, नसेल तर तसं स्पष्ट लिही.

तुझी
बटण


४ मार्च

चि. बटण हिस,
आ.

मांजर त्याची नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आयुष्य कपड्यांत गेलं माझं. तयार कपडा आणि मापाचा कपडा मी खांद्याच्या शिवणीवरून ओळखते. ती गोष्ट कुणाच्याही अंगात जाईल अशी शिवलेली होती. पण थंडी वाजत असली की मिळेल तो कोट घालावा लागतो.

तू सभागृहात गेलीस, दोन दिवस विचार केलास, वहीत लिहिलंस. एवढ्या वेळात गाडीनं इथं येऊन परत गेली असतीस. उंटावरून शेळ्या हाकणं आता पुरे कर. तो खोटं बोलतो, पण येतो. तू खरं बोलतेस.

तुझे काका गेले त्या आठवड्यानंतर चार वर्षांत दोनदा आलीस. पहिल्यांदा बॅग आणली नव्हतीस. दुसऱ्यांदा तर बसलीही नाहीस, दाराशी उभी राहून घड्याळ बघत होतीस. आणि तेही उजवीकडे उभी राहून बोललीस, मला निम्मं कळलं नाही. माझं काय चुकलं ते मी पुन्हा पुन्हा उसवून बघितलं. कुठली शिवण चुकली ते सापडत नाही. तुला ठाऊक असेल तर एकदा सांगून टाक.

सहा प्रश्न झाले. करार मोडता येतो, पण दंड भरून, असं टाळाटाळ करत त्यानं काल सांगितलं. आता सातवाच उरला. त्यानंतर विचारण्यासारखं काही नाही, मग तो तरी कशाला येईल? गुरुवारी, १२ तारखेला, तीन वाजता तो साहेबांना घेऊन येतो आहे. सही करून टाकावी असं म्हणते. कागदावर का होईना, कुणीतरी जवळचं म्हणून राहील.

मावशी


९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं काहीही चुकलेलं नाही. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, त्याची लाज वाटते.

काका गेल्यानंतरच्या आठवड्यात मी तुझ्याकडे राहिले होते, आठवतं? खोलीच्या खिडकीला नवे पडदे करायचं तुझ्या मनात आलं. हातांना काम हवं म्हणालीस आणि माप घ्यायला मला तुझी टेप दिलीस. मी ती घेऊन आधी स्वयंपाकघराकडे वळले. काकांचा पुतण्या, औषधांचं दुकान असलेला, आत आपल्या बायकोशी बोलत होता. मी दाराच्या बाहेरच थांबले. तो म्हणत होता की हिच्या फेऱ्या बघ कशा वाढल्यात. पोटची नाही, पण घराची मापं आत्तापासून घेऊन ठेवतेय. त्याची बायको हसली. माझ्या हातात टेप होती, मावशी. ती मी गुंडाळली, मशीनच्या खणात तुझ्या जागेवर ठेवली आणि तुला सांगितलं की ऑफिसातून बोलावणं आलंय. पडदे राहिले ते राहिलेच.

त्या दिवशी मी ठरवलं की मला काही नको आहे हे दाखवायचा एकच मार्ग आहे, यायचं नाही, आलं तरी राहायचं नाही. तेव्हा ते मोठ्या मनाचं वाटलं होतं. वहीत तसं लिहिलंही आहे. आता वाचलं तर त्या पानावर तुझा उल्लेखच नाही. माझी सचोटी, माझा मान, माझं नाव. तुझ्या घरात संध्याकाळी कोण असेल, हे त्या पानात कुठं आलंच नाही.

म्हणून आज खात्याचा नियम मोडते. सही करू नकोस. माझा घरावर डोळा आहे असं त्यांना खुशाल म्हणू दे, तू सही करू नकोस. त्या रकान्यातलं नाव पेन्सिलीचं आहे, खोडता येईल.

मी बुधवारीच निघाले असते, पण गुरुवारी कोर्टात माझी साक्ष आहे, एका खोट्या काट्याच्या खटल्यात. तारीख बदलता येते का ते विचारलं, नाही म्हणाले. नीट विचारलं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे आणि उत्तराची खात्री नाही. पत्र गुरुवारच्या आत पोचावं म्हणून मोठ्या टपाल कचेरीत नेऊन टाकते.

कळावे. लोभ मागण्याचं तोंड नाही, तरी मागते.

तुझी
बटण


२४ मार्च

चि. बटण हिस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी बाराला आलं. ते तीनला आले. मधल्या तीन तासांत मी काय केलं ते सांगणार नाही. चष्मा दोनदा पुसला, एवढंच.

साहेब जाडजूड, अंगठ्या घातलेला. येताच उजवीकडच्या खुर्चीत बसला आणि अर्धा तास बोलला. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, मी मान हलवत राहिले. आपल्या माणसानं त्याला सांगितलंही नाही की हा कान बहिरा आहे. खाली बघून हसत होता बहुतेक. शेवटी साहेबाच्याच लक्षात आलं, मग तो माझ्यासमोर उभा राहून बोलू लागला.

मी सातवा प्रश्न विचारला. आठ दिवस कागद माझ्याकडे ठेवा. साहेब म्हणाला, कंपनीचे कागद बाहेर राहत नाहीत. मी म्हटलं, माझं घर म्हणजे बाहेर कसं? तिथून जे सुरू झालं ते संपेना. आजच शेवटचा दिवस. उद्यापासून दर दुप्पट. आठ फेऱ्या झाल्या, त्याचा खर्च कुणी द्यायचा? मग न्हाणीत पडणं आलं. मग सरकार आलं. मग एकदम गोड होऊन, आई, तुमच्याच भल्यासाठी. पाच वाजले, सहा वाजले. सहा वाजता सवलत संपली म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर त्यानं आठपर्यंत वाढवली. दोघांनाही उठायचं ठाऊक नव्हतं आणि मला उठा म्हणता येईना. घरी आलेल्याला ऊठ कसं म्हणायचं? बटण, मी इतकी थकले की सही केली की हे जातील, एवढंच मला दिसत होतं. पेन हातात घेतलं. सहीचं पहिलं अक्षर काढलंसुद्धा.

तेवढ्यात नजर वर गेली. तो रकाना. पेन्सिलीवर शाई फिरवलेली होती.

मी पेन खाली ठेवलं. उठले, मशीनचा खण उघडला. टेप तू ठेवलीस तिथंच, तू गुंडाळलीस तशीच. मी कधी तशी गुंडाळत नाही, चार वर्षांत माझ्या ते लक्षात यायला हवं होतं. ती घेऊन खिडकीकडे गेले आणि माप घेऊ लागले. साहेबाला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. माझा हात टेपच्या दुसऱ्या टोकापर्यंत पुरेना, म्हणून मी आपल्या माणसाला ते धर म्हटलं. त्यानं साहेबाकडे बघितलं. मग उठला, धरलं आणि आकडा वाचला. अठ्ठावन्न. उंची वाचली, चौपन्न. मी खडूनं भिंतीवर लिहिलं आणि साहेबाला सांगितलं, आज माप झालं. आज कात्री नाही.

साहेब काय काय बोलला, पण तोवर मी उजवा कान त्याच्याकडे केला होता. अर्धी सही झालेला कागद तो पिशवीत टाकू लागला तेव्हा मात्र मी तो ओढून घेतला. माझ्या हाताची खूण असलेलं कापड मी कुणाला नेऊ देत नाही. त्या कागदाचा बाहीचा नमुना छान निघाला, कागद जाड आहे.

जाताना आपला माणूस दाराशी थांबला. बाही झटकली आणि गेला.

मंगळवारी चार वाजता, त्याच्या येण्याच्या वेळी, मी दोन कपांचं आधण ठेवलं. गुरुवारीही. सवय. तो येणार नाही हे मला कळत होतं, तरी दुसऱ्या कपाचं पाणी ओतून टाकायला हात होईना. आजही मंगळवार आहे. आज एकच कप ठेवला आणि तुला लिहायला बसले.

आता काम. गेल्या शुक्रवारी वकीलबाईंकडे गेले. त्यांचा पहिला काळा कोट मी शिवला होता, अजून तोच घालतात. त्या म्हणाल्या, वारस असताना सरकार घराला कशाला हात लावेल? एकदाच फी घेतली. कच्चा मसुदा हातात दिला आणि म्हणाल्या, घरी न्या, आठ दिवस वाचा, मग या. म्हणजे त्यांनाही कपड्यातलं कळतं.

नीट वाच. घर माझ्यामागे, आता माझं जुनं दुकान चालवणाऱ्या तिघींना ठेवलं आहे. माझ्या हाताखाली शिकल्या आणि अजून भाड्याच्या जागेत मशिनी मांडून बसतात. औषधवाल्याला त्याच्या काकांचं घड्याळ. तुला घर ठेवलेलं नाही. मशीन नाही, कपाट नाही, एक सुई नाही. मुद्दाम ठेवलेली नाही.

मसुद्यावर माझ्या सहीला दोन साक्षीदार लागतात. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार असा हवा की ज्याला या कागदातून दमडी मिळत नाही. एक त्यांची कारकून आहे. दुसरी जागा रिकामी आहे. ४ एप्रिल, शनिवार, सकाळी अकरा. आता तू आलीस तर औषधवाला काय म्हणेल ते मला ऐकायचंच आहे.

पडद्याचं कापड आणून ठेवलं आहे. बॅग घेऊन ये. त्यानं आणलेली खुर्ची अजून माझ्या डावीकडेच आहे, मी हलवलेली नाही.

कळावे. लोभ कागदात मांडता येत नाही असं वकीलबाईंचंही मत पडलं.

तुझी
मावशी


२८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना तुला घर ठेवलेलं नाही या ओळीशी आले आणि मन खट्टू झालं. अगदी थोडं, पण झालं. म्हणजे मला त्या घराची आशा होती, आणि ती आहे हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. औषधवाला पूर्ण खोटं बोलला नव्हता. हे तुला न सांगता साक्षीदार म्हणून सही करणं बरोबर झालं नसतं, म्हणून लिहिते. वकीलबाईंना विचारून ठेव, मनात आलेलं मोजतात का. माझ्या समजुतीप्रमाणे कागदावर जे आहे तेवढंच मोजतात.

ते एकदा लिहून झाल्यावर हलकं वाटलं. तिघींना घर मिळतंय याचा आनंद झाला, तो आधी का झाला नाही यावर मात्र आज वही लिहिणार नाही.

आठ दिवसांची रजा मिळाली. आमच्या साहेबांनी कारण विचारलं. मी सांगितलं, पडदे. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं येते. थर्मास आणत नाही, मंगळवारी दोन कपांचं आधण ठेव.

कळावे. लोभ घ्यायला स्वतःच येते.

तुझी
बटण